मशीन नंतर, आधी बाटली भरा

प्रश्न : आम्ही मूळचे विट्याजवळचे. मिस्टरांचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा, त्यामुळे लग्न झाल्यापासून मी बिहारात, भोजपूर जिल्ह्यातल्या गंगेकाठच्या एका बाजारगावात आहे. मुलगी दुसरीत, मुलगा आठ महिन्यांचा. घरमालकांच्या अंगणात हातपंप आहे, इकडे त्याला चापाकल म्हणतात. पाणी गार, नितळ, चवीलाही चांगलं. पण गेल्या महिन्यात शेजारच्या काकींच्या तळहातावर टणक गाठी आणि छातीवर काळे-पांढरे ठिपके दिसले. पाटण्याच्या डॉक्टरांनी ‘पाण्यातलं आर्सेनिक’ असं सांगितलं. त्यांचा चापाकल वेगळा आहे, पण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. सासूबाई फोनवर म्हणतात, पाणी उकळून प्या. मिस्टर म्हणतात, आरओ घेऊ. एक विक्रेता पाण्यात पेनासारखं यंत्र बुडवून आकडा दाखवून गेला. घरमालक म्हणतात, आमच्या तीन पिढ्या याच पाण्यावर वाढल्या. माझी आई म्हणते, मुलांना घेऊन गावी ये. एका बाईंनी तर काकींच्या घरचा चहासुद्धा घेऊ नको म्हणून सांगितलं. मी नेमकं काय करू? आणि बाळाला अंगावर पाजू की पावडरचं दूध सुरू करू?
– एक वाचक, जि. भोजपूर, बिहार

उत्तर :

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तिथे गफलत झाली तर नुकसान आजपासूनच सुरू होईल. बाळाला अंगावरच पाजा. पावडरचा डबा आणू नका. आईच्या शरीरात गेलेलं आर्सेनिक दुधात फार थोडं उतरतं. बांगलादेशात असं पाणी पिणाऱ्या मातांचं दूध तपासलं तेव्हा हेच दिसलं. पावडर तुम्ही चापाकलच्या पाण्यात कालवणार, म्हणजे पाण्यात जे काही असेल ते थेट बाळाच्या पोटात. आठ महिन्यांचा आहे म्हणजे वरचं खाणं सुरू असेलच. त्याची खिमट, वरणाचं पाणी, लापशी ज्या पाण्यात शिजते ते पाणी महत्त्वाचं. पंपाचा रिपोर्ट हातात येईपर्यंत मुलांच्या पिण्यासाठी आणि या शिजवण्यासाठी आयएसआय खुणेचं सीलबंद पाणी विकत घ्या. रोजचे चार-पाच लिटर पुरतील. सुट्ट्या जारचं पाणी मात्र नको, जारवाला ते बहुधा त्याच गावातल्या बोअरमधून भरतो.

आता सासूबाईंचा सल्ला. पटकी, कावीळ, जुलाब यांच्यासाठी तो शंभर टक्के बरोबर आहे आणि आपल्या दोन पिढ्या त्यावर जगल्या. पण आर्सेनिक हा जंतू नाही, ते मूलद्रव्य आहे. उकळून मरत नाही आणि उडूनही जात नाही. पाण्याची वाफ होते, आर्सेनिक पातेल्यात तेवढंच राहतं. म्हणजे पाच लिटरचं उकळून चार लिटर केलंत तर प्रत्येक पेल्यात ते थोडं वाढलेलंच असतं. क्लोरीनच्या गोळ्या, अतिनील दिव्याचं मशीन, कपड्याची गाळणी, तुरटीचा खडा, यांतल्या कशावरही घरगुती पातळीवर विसंबता येत नाही. सासूबाईंना दुखवायची गरज नाही. ‘उकळतोय, आणि तपासूनही घेतोय’ एवढं सांगा.

त्या पेनवाल्याविषयी जरा सविस्तर बोलते, कारण ही युक्ती विट्यातही चालते आणि पुण्यातल्या सोसायट्यांमध्येही. ते यंत्र पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतं, ज्याला टीडीएस म्हणतात. तुमच्याकडच्या पाण्यात समजा तो आकडा ३०० मिलिग्रॅम आला. आर्सेनिकची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. या मर्यादेच्या वीसपट विष पाण्यात असलं तरी ते होतं ०.२ मिलिग्रॅम. ३०० च्या आकड्यात ते त्या पेनला दिसणार कसं? उलट टीडीएस ८०० असलेलं मचूळ पाणी आर्सेनिकच्या बाबतीत निर्धोक असू शकतं. रंग, वास, चव यांतूनही काही कळत नाही. भांड्यावर तांबूस थर बसत असेल तर पाण्यात लोह आहे, आणि गंगेच्या खोऱ्यात लोह आणि आर्सेनिक पुष्कळदा जोडीने येतात. पण तीसुद्धा फक्त शंका, पुरावा नव्हे.

घरमालकांच्या तीन पिढ्यांचा मुद्दा मला फार बोलका वाटला. त्यांना आदराने एवढंच विचारा, चापाकल कधी बसवला? गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मैदानात हातपंपांचा सुळसुळाट झाला तो साधारण १९७० नंतर. त्याआधी लोक आडाचं, तळ्याचं, नदीचं पाणी पीत होते. म्हणजे आजोबा प्यायले ते आडाचं. उघड्या आडात हवा खेळते, तिथे आर्सेनिक सहसा कमी सापडतं. त्यात जंतू असत, म्हणून तर पंप आले.

आणि इथेच या प्रश्नाची सगळ्यात दुःखद गोष्ट आहे. बांगलादेशात युनिसेफ आणि तिथल्या सरकारने लाखो बालमृत्यू टाळावेत म्हणून ट्यूबवेलचा प्रसार केला. हेतूत खोट नव्हती, जुलाबाची साथ खरंच जीव घेत होती. पण जमिनीखालच्या पाण्यात आर्सेनिक आहे का, हे तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाच्या गंजाला आर्सेनिक चिकटलेलं असतं. गाळात गाडला गेलेला पालापाचोळा कुजतो, तिथली हवा संपते, जिवाणू त्या गंजावर काम करतात, लोह विरघळतं आणि त्याला धरून बसलेलं आर्सेनिक पाण्यात उतरतं. ना कारखाना, ना सांडपाणी. कुणावर खटला भरावा असा आरोपीच नाही.

पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या कातडीवरचे ठिपके ओळखले. सीमेपलीकडे बांगलादेशात खात्री पटायला १९९३ उजाडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं गेलं. साडेतीन ते पावणेआठ कोटी लोक धोक्यात असल्याचा तो अंदाज होता. तुमच्या भोजपूर जिल्ह्यात सेमरिया ओझापट्टी या गावापासून २००२ मध्ये बिहारचा प्रश्न उजेडात आला. जादवपूर विद्यापीठाचे दीपांकर चक्रवर्ती यांनी गावोगाव बाटल्या भरून हे नकाशे तयार केले. तुमच्या काकी या नकाशावरच्या एक ठिपका आहेत, हे वाचायला कठोर वाटेल, पण त्यातून एक समजतं : डॉक्टरांनी उगाच घाबरवलेलं नाही.

मग तुमच्या पंपाचं काय? माहीत नाही, आणि हेच माझ्या उत्तराचं मर्म आहे. आर्सेनिक गावागणिक नाही, पंपागणिक बदलतं. वीस-तीस मीटरवरच्या दोन पंपांपैकी एकात ५ आणि दुसऱ्यात २०० मायक्रोग्रॅम असं सर्रास सापडतं. बांगलादेशात २००० ते २००३ या काळात जवळपास पन्नास लाख पंप तपासून त्यांच्या तोंडाला रंग दिले, तिथल्या मर्यादेप्रमाणे ५० मायक्रोग्रॅमच्या आतले हिरवे, वरचे लाल. सुमारे चौदा लाख लाल निघाले. म्हणजे वाईटातल्या वाईट प्रदेशातही हिरवे पंपच जास्त होते! काकींचा पंप लाल असल्याने तुमचा लाल ठरत नाही, आणि तुमचं पाणी गोड लागतं म्हणून तो हिरवाही ठरत नाही.

म्हणून मिस्टरांना सांगा, मशीनचे पैसे सध्या खिशात ठेवा, आधी बाटली भरा. जिल्ह्याच्या ठिकाणी लोक स्वास्थ्य अभियंत्रण विभागाची पाणी तपासणी प्रयोगशाळा असते. जल जीवन मिशनखाली या प्रयोगशाळा सामान्य माणसालाही माफक दरात खुल्या केल्या आहेत. तिथून त्यांची बाटली मागून घ्या, कारण धातूंच्या तपासणीसाठी बाटलीत थोडं आम्ल घालावं लागतं. ते घातलं नाही तर वाटेत लोह तळाशी बसतं, जाताना आर्सेनिकलाही घेऊन बसतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. पंप पाच-दहा मिनिटं हापसून मगच भरा. एक बाटली तुमच्या पंपाची, एक मुलीच्या शाळेतल्या पंपाची. मुलगी अर्धा दिवस शाळेचंच पाणी पिते, हे आया हमखास विसरतात. दुकानात कारागीर ज्या पंपावर भरतात त्याचीही भरा. गावात नळ आला असेल तर त्याचीही. नळाच्या मागेही शेवटी कुठली तरी बोअरच असू शकते. ग्रामपंचायतीत तपासणीचं किट असेल तर ते चाळणी म्हणून ठीक आहे : त्यात आर्सेनिकचा वायू होऊन कागदाची पट्टी पिवळी ते तपकिरी पडते. पट्टी गडद झाली तर विश्वास ठेवा, फिकट राहिली तर प्रयोगशाळेकडून खात्री करून घ्या.

‘आर्सेनिक’ हा शब्द अर्जावर लिहून मागा. नेहमीच्या तपासणीत ते असेलच असं नाही. आणि रिपोर्ट आल्यावर ‘योग्य / अयोग्य’ एवढं वाचून थांबू नका, आकडा वाचा. ०.०६ मिलिग्रॅम म्हणजे ६० मायक्रोग्रॅम. शून्यांच्या या घोळात भलेभले फसतात.

आकडा १० मायक्रोग्रॅमच्या (०.०१ मिलिग्रॅमच्या) आत असेल तर निश्चिंतपणे प्या आणि वर्षातून एकदा पुन्हा तपासा. १० ते ५० मध्ये असेल तर पळापळ नको, पण पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी दुसरीकडून आणायची सोय महिन्याभरात लावा, मुलांसाठी लगेच. ५० च्या वर असेल तर त्या दिवसापासून त्या पंपाचं पाणी पिणं आणि त्यात रांधणं बंद. अंघोळ, धुणी, भांडी यांना ते चालेल. कातडीतून आर्सेनिक फारसं आत जात नाही, तेव्हा बाळाला त्या पाण्याने न्हाऊ घातलंत म्हणून जीव खालीवर करू नका.

दुसरीकडून म्हणजे कुठून? बहुतेकदा शेजाऱ्याकडून. हे उत्तर इतकं साधं आहे की लोकांना पटत नाही. बांगलादेशात अराइहाजार भागात कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी हजारो पंप तपासून घरमालकांना आकडे सांगितले, तेव्हा दूषित पंप असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक घरांनी जवळच्या चांगल्या पंपावर पाणी भरायला सुरुवात केली. कोट्यवधी रुपयांच्या कुठल्याही यंत्राने एवढ्या लवकर एवढी विषबाधा टाळलेली नाही. तुमच्या भोजपूरमध्येही अशी पाहणी झाली. तिथे पंप बदलणारे साधारण एक तृतीयांशच निघाले, आणि ज्यांचा आकडा वाईट होता त्यांतले बरेच जण पंपाला लावलेली पाटी काढून टाकून तो आकडाच विसरले. मला यात मूर्खपणा दिसत नाही. दुसऱ्याच्या दारात रोज घागर घेऊन उभं राहणं सोपं नसतं, आणि आपल्या देशात पाणवठ्यावर कोणी यायचं हा प्रश्न कधीच फक्त पाण्याचा नव्हता. पण तुम्ही परगावच्या, व्यापारी घरातल्या. सगळ्यांशी बोलता येण्याची जी मोकळीक तुम्हाला आहे ती गावातल्या सुनेला नसते. आळीतल्या पाच-सहा घरांनी मिळून बाटल्या भरल्यात तर त्यांत एखादा तरी हिरवा पंप निघण्याची आशा चांगली आहे.

घरमालक नवी बोअर मारायला तयार झाले, तर खोली आणि वाळूचा रंग दोन्ही पाहायला सांगा. करड्या वाळूच्या थरातलं पाणी संशयास्पद, पिवळट-तांबड्या जुन्या वाळूतलं पुष्कळदा चांगलं. बांगलादेशातले बोअर मारणारे मिस्त्री आता या रंगावरून थर निवडतात. चिकणमातीच्या जाड थराखालचं खोल पाणी बहुतेक ठिकाणी निर्धोक असतं, पण तेही तपासल्याशिवाय नाही. जुना आड शाबूत असेल तर तो उपसून, झाकून, क्लोरीन टाकून वापरता येतो. इथे उकळणं पुन्हा कामाला येतं, सासूबाईंना हे आवर्जून कळवा.

एवढं सगळं करूनही चांगलं पाणी मिळालंच नाही, तर आणि तरच मशीन. आरओ आर्सेनिक काढतं, पण पाण्यातल्या आर्सेनिकची दोन रूपं असतात. एक विद्युतभारित, ते मशीनमधल्या गाळणाऱ्या पडद्याला अडतं. दुसरं भाररहित, ते बऱ्यापैकी निसटतं. हापशाने जमिनीखालून नुकत्याच आलेल्या पाण्यात बहुधा हे दुसरंच जास्त असतं. म्हणून मशीन बसवल्यावर बाहेर पडणाऱ्या पाण्याची बाटली तपासायला द्यायचीच, आणि पडदा बदलण्याच्या तारखा पाळायच्या. फेकलं जाणारं पाणी कणीक मळायला घेऊ नका. लोहाच्या चुऱ्यावर चालणारे साधे फिल्टरही आहेत. बांगलादेशचे अबुल हुसाम यांच्या सोनो फिल्टरला २००७ मध्ये अमेरिकेत दहा लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. दोन बादल्या, लोह, वाळू, कोळसा, वीज नाही. तंत्र उत्तम आहे. पण यंत्रं चांगली असली तरी सांभाळणारं कुणी नसलं की मरतात. पश्चिम बंगालमध्ये अकरा कंपन्यांची १८ सार्वजनिक शुद्धीकरण यंत्रं दोन वर्षं तपासली; एकालाही पाणी सातत्याने १० मायक्रोग्रॅमच्या आत ठेवता आलं नाही, ५० च्या आत सतत राहिली ती फक्त दोन, आणि पाहणी संपेपर्यंत बहुतेक बंद पडली होती. तुमच्या चौकात असं यंत्र असेल तर त्याच्या पाटीवरची उद्घाटनाची तारीख वाचू नका, गाळणी शेवटची कधी बदलली ते विचारा.

खाण्याबद्दल. तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून वेळून घ्या, पूर्वी पेज काढायच्या तसा. पाणी चांगलं असेल तर भातातलं बरंचसं आर्सेनिक पेजेबरोबर जातं. वाईट पाण्यात शिजवलात तर उलटं होतं, भात ते शोषून घेतो. तिकडच्या शेतांना पाणीही त्याच बोअरचं, त्यामुळे तिन्ही त्रिकाळ भात नको. ज्वारी-बाजरीत तांदळापेक्षा आर्सेनिक पुष्कळ कमी असतं, तेव्हा गावाहून पिठं येतात ती येऊ द्या. पालेभाज्या, डाळी, अंडी पोटात जाऊ द्या. त्यांतलं फोलेट हे जीवनसत्त्व चांगलं असलेलं शरीर आर्सेनिक लघवीवाटे लवकर बाहेर टाकतं. ‘शरीरातलं विष काढून टाकणारी’ पुडी किंवा सलाईन कुणी देऊ केलं तर नको म्हणा. जुनाट आर्सेनिकवर असं सिद्ध झालेलं औषध नाही, विषारी पाणी थांबवणं हाच उपचार.

‘आजवर प्यायलो त्याचं काय’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन ओळींच्या मध्ये ते आहे. चिलीमधलं आंतोफागास्ता हे वाळवंटातलं शहर. तिथे १९५८ मध्ये डोंगरातल्या नदीचं पाणी नळाने आणलं, त्यात आर्सेनिक लिटरला आठशे मायक्रोग्रॅमच्या वर. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र बसवलं आणि पातळी एकदम खाली आली. तरीही फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पुढची वीसेक वर्षं वाढतच गेले. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमच्या पाण्याचा आकडा तेवढा असण्याची शक्यता कमी आहे, मुलं लहान आहेत, आणि लवकर थांबवण्याचा फायदा खरा आहे. पण पंप लाल निघाला तर ते मुलीच्या आरोग्याच्या कागदांत लिहून ठेवा, म्हणजे तिच्या पस्तिशीत एखाद्या डॉक्टरला उपयोग होईल. मिस्टर आणि कारागीर विडी-सिगारेट ओढत असतील तर ती सोडायला हे कारण पुरेसं आहे. आर्सेनिक आणि धूर मिळून फुप्फुसावर दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त घाव घालतात. तुमची कातडी स्वच्छ असेल तर उगाच तपासण्यांत पैसे घालू नका. करायचीच झाली तर लघवीची करा, ती गेल्या काही दिवसांचं सांगते. आधीचे चार दिवस मासे खाऊ नका. गलाईच्या भट्टीचा आणि आम्लाचा धूर हा या पाण्याहून वेगळा विषय आहे, पण मुलांना भट्टीजवळ खेळू देऊ नका.

काकींच्या घरी अवश्य जा. चहा प्या, फक्त तो कुठल्या पाण्याचा आहे ते विचारा आणि जाताना आपलं पाणी घेऊन जा, दोघींसाठी. हा आजार शिवण्याने होत नाही, एका कपाने होत नाही. बंगालमध्ये अंगावर ठिपके आहेत म्हणून मुलींची लग्नं मोडली, नवऱ्यांनी बायकांना माहेरी धाडलं. आजारापेक्षा हे जास्त लागलं त्यांना. काकींना त्वचेचे डॉक्टर वर्षातून एकदा दाखवायला सांगा, कारण तळहातावरच्या त्या गाठींपैकी एखादी पुढे बिघडू शकते. भेग पडली, रक्त आलं, वाढायला लागली तर थांबायचं नाही.

आईंना काय सांगायचं? आपल्याकडच्या काळ्या दगडात आर्सेनिकची मोठी तक्रार नाही, हे खरं. पण फ्लोराइड आणि नायट्रेटने कितीतरी गावांच्या बोअर बाधित आहेत, आणि गडचिरोलीच्या सीमेला लागून, छत्तीसगडमध्ये अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा गावात तर हिमालयाचा गाळ नसताना तिथल्या खडकातूनच आर्सेनिक पाण्यात आलं आहे. सुट्टीला गावी जरूर जा. पण पाण्यासाठी संसार उचलायचं कारण मला दिसत नाही. मुलीची शाळा, तुमचं घर, मिस्टरांची गिऱ्हाइकं तिथे आहेत, आणि बदलायचा आहे तो फक्त पिण्याचा हंडा कुठल्या पंपावर भरायचा तेवढा.

रिपोर्ट आला की आकडा, पंपाची खोली आणि शाळेच्या पंपाचा आकडा, असे तिन्ही कळवा. शाळेचा आकडा वाईट निघाला तर मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाचा मसुदा मी करून देईन. सोबत रिपोर्टची झेरॉक्स जोडा, आणि वर्गातल्या आणखी चार-पाच आयांच्या सह्या आधीच घेऊन ठेवा.